लाल दोरा

धनुष्यासाठी रोपटं डोळ्यांत तेल घालून निवडावं, असं मामा म्हणायचा. त्याला स्वतःला एकच डोळा, त्यामुळे भाचीला हसू यायचं. दुसरा डोळा त्याच्याच हातच्या धनुष्यानं नेला होता. लाकूड आतून किडलेलं, ताणताना फुटलं. तेव्हापासून तो प्रत्येक रोपटं बोटाच्या पेरानं दोनदा ठोकून ऐकायचा. पसंत पडलं की लाल दोरा तोंडात ओला करून बांधायचा. "ओली गाठ सुटत नाही," म्हणायचा.

मामाला जाऊन सहा वर्षं झाली. दोऱ्याचं उरलेलं रीळ भाचीनंच अंत्यविधीच्या वेळी त्याच्या खिशात ठेवलं होतं.

आज ती भर दुपारी एकटीच रानात आली होती, लेकीच्या पहिल्या धनुष्यासाठी. चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता, पाला पायाखाली करकरत होता. मनगटाएवढं जाड, सरळसोट, फांदीची खूणसुद्धा नसलेलं रोपटं तिला दिसलं आणि ती भाळलीच. इतकं देखणं, त्याला ठोकायचं काय?

तिनं करवत टेकवली. मागे टक टक झालं.

सुतारपक्षी असेल, म्हणून तिनं करवत ओढली. पुन्हा टक टक. दोनच ठोके, मग ऐकण्यापुरती शांतता.

"कोण आहे?"

कोणी नव्हतं. करवतीखालून मात्र भुरकट भुगा गळू लागला. रोपटं आतून पार पोखरलेलं होतं. दिसतं तसं नसतं, हे ती लेकीला रोज ऐकवायची. लेकीचे दोन्ही डोळे तिच्यासमोर आले.

ती मागे वळली. जरा वाकडं म्हणून मघाशी सोडलेल्या रोपट्यावर लाल दोरा होता.

मामाचा जुनाच असेल, तिनं मनाला समजावलं. पण सहा वर्षांपूर्वी हे रोपटं जमिनीतून वर तरी आलं होतं का? आणि दोरा सालीत जराही रुतला नव्हता.

तिनं ठोकून पाहिलं. आवाज भरीव, खणखणीत.

"मामा," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "लय उपकार झाले रे तुझे. पोरीचे डोळे वाचवलेस."

रोपटं कापून झाल्यावर तिनं दोरा सोडायला गाठीला हात लावला.

गाठ ओली होती.