हातबोशी

एलिशा झिराडकरांना जाऊन महिना झाला, त्या दुपारी डिमोनातल्या मराठी ज्यूंच्या वस्तीत, त्यांच्या घरी कीर्तन ठेवलं होतं. बाहेर वाळवंटाचा वारा भिंतींना धूळ फासत होता. आत मलिद्याचा गोड वास, पेटीचा सूर आणि भिंतीकडेने मांडलेल्या खुर्च्या. त्यांतल्या एलिशांच्या खुर्चीवर त्यांच्या बायकोने, बत्याबाईंनी, कुणाला बसू दिलं नव्हतं. तिच्या एका बाजूला लेक गेउला, दुसऱ्या बाजूला, दाराशी, लष्करी गणवेशातला धाकटा अमिराम.

थोड्या वेळात त्याची बस होती. सुएझच्या कालव्यावर रोज तोफा चालत होत्या.

एलिशांनी स्वतः ब्रह्मदेशातली लढाई पाहिली होती. म्हणूनच की काय, मूल साधं शाळेला निघालं तरी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ते त्याला उंबरा ओलांडू देत नसत. एकट्या अमिरामला या खेपेला तो हात मिळाला नव्हता. रजा मिळून तो पोचला, तेव्हा माती देऊन झाली होती. आता पोर तसंच लढाईवर जाणार, या विचाराने बत्याबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कीर्तनकार शालोममास्तरांनी एलियाहू हानाबी या प्रेषिताचं आख्यान लावलं आणि गाता गाता एलिशांवर आले. "आमचे सुभेदार जपान्यांना भ्याले नाहीत हो! पण बत्याबाईंनी डोळे वटारले, की मुकाट पोरांना न्हाऊ घालायचे!"

बायका हसल्या.

"वेण्यासुद्धा घालायचे," बत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "वाकड्या."

झांजा पुन्हा वाजू लागल्या. मास्तरांचा आवाज असा चढला, की ऐकणाऱ्यांचं भान हरपलं. त्या भरात बत्याबाईंना दिसलं, रिकाम्या खुर्चीवरची उशी हळूच दबली. पडद्याची सावली असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

शेवटी हातबोशी सुरू झाली. मास्तरांनी हात पुढे केले. शेजाऱ्याने ते आपल्या तळव्यांत धरून सोडले, स्वतःची बोटं ओठांना लावली आणि पुढच्याला हात दिले. आशीर्वादाचा तो स्पर्श खुर्चीमागून खुर्ची सरकत गेउलापर्यंत आला.

पुढे रिकामी खुर्ची.

"अगं, उठून दे त्याला," बत्याबाई कुजबुजल्या.

गेउला उठलीच नाही. तिचे हात पुढे झाले आणि अधांतरी थांबले, दोन्ही बाजूंनी कुणी धरल्यासारखे. मग हात सुटले. तिने बोटं ओठांना लावली.



अमिरामने खुर्चीकडे वळून हात पुढे केले.

बराच वेळ ते तसेच राहिले.

"काय रे?" बत्याबाईंनी विचारलं.

"बसेदेर, इमा. ठीक आहे, आई." त्याने पिशवी खांद्याला लावली. "चल. बस जाईल."

फाट्यावर वारा बेभान सुटला होता. गेउलाचा रुमाल हातातून उडून गेला. बसच्या खिडक्यांतून पोरांचे केस डोळ्यांवर येत होते. अमिरामने टोपी काढून खिशात घातली आणि हात हलवला.

त्याचे दाट कुरळे केस माथ्यावर चपटे दबलेले होते. तळव्याएवढी जागा आणि तिच्यापासून कपाळाकडे निघालेल्या पाच खाचा.

बस वळणाला लागली, तरी तिथला एक केस उठला नाही.