ताडोब्याला निघायचंय

केळझरच्या गणपतीच्या पायथ्याशी धुरपताबाईंची चहाची टपरी होती. त्र्याऐंशी सालची दिवाळी होऊन गेलेली. एका रविवारी दर्शन घेऊन मी खाली उतरले, तर तिथल्या एकुलत्या एक बाकड्यावर कोणीतरी नकाशा पसरून बसलेला! मी खाकरले. त्याने मान वर केली, नकाशा आवरायचा सोडून माझ्याकडे बघतच राहिला... आणि हातातला चहा भंडारा जिल्ह्यावर सांडला.

"भंडारा बुडाला तुमचा," मी म्हटलं.

मी केळझरचीच, तेव्हा सेलूच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नकाशा दिसला की माझे पाय तिथेच थांबायचे. त्याच्या पेन्सिलची रेघ वर्ध्याहून निघून केळझर, रामटेक, नवेगावबांध, मार्कंडा, चंद्रपूरची महाकाली असं करत शेवटी ताडोब्याच्या जंगलात शिरली होती. वैनगंगा मात्र तिने अशी खुशाल ओलांडली होती, की जणू वाटेत नदीच नाही.

"इथं का पोहून जानार?"

"नाई, गाडीनं," तो म्हणाला. "म्हनजे... पूल पाहून."

गाडी म्हणजे कडुनिंबाला टेकलेली त्याची काळी मोटरसायकल. त्याचं नाव ओमप्रकाश, पुलगावच्या कापडगिरणीत कामाला. हा प्रवास तो तीन वर्षांपासून आखत होता, पण रस्ता काही पक्का होत नव्हता. रस्ता पक्का करायला असा कितीसा वेळ लागतो, असं म्हणून मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

वेळ लागला. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. धुरपताबाईंनी पहिल्याच दिवशी त्याची जात, शेती आणि आईचं माहेर विचारून घेतलं होतं, त्यामुळे आम्हाला बाकड्यावर बसू द्यायला त्यांची हरकत नव्हती. मधे नकाशा, दोन बाजूंना आम्ही. त्याच्या बोटांना गाडीच्या तेलाचा वास यायचा. मुक्काम कुठे, पेट्रोल कुठे, पंक्चर झालं तर काय, सगळं तो माझ्याकडून ठरवून घ्यायचा. जंगलाबद्दल बोलताना मात्र त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. पहाटे तळ्यावर धुकं असतं म्हणे, आणि त्यात सांबर गुडघाभर पाण्यात उभं असतं. मी ऐकत राहायचे. पाच वर्षं मी फळ्यावर खडूने ताडोबा दाखवत आले होते, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. मला जायचं होतं. कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, स्वतः जायचं होतं.

आणि हा बाबा निघायचं नाव काढेना! दर रविवारी त्याला नवा देव आठवायचा. एकदा अदासा, एकदा गिरड, एकदा भद्रावती. मी मुकाट्याने रेघ वळवून द्यायचे. डिसेंबरात एके दिवशी तो म्हणाला, माहूरही घ्यावं म्हणतो.

माहूर साफ उलट्या दिशेला. त्या दिवशी मी आधीच तापलेली होते. बाबांनी अमरावतीचं स्थळ आणलं होतं, मुलगा बँकेत, पुढच्या रविवारी पाहुणे मला पाहायला येणार होते. मी ते तिथल्या तिथे सांगून टाकलं. ओमप्रकाशने नकाशाची घडी घातली. ती चुकली, म्हणून पुन्हा घातली.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"का चांगलं आहे? तीन वर्षं रेघा मारून राह्यले तुम्ही, आन निघत नाई. काऊन? जंगलाचं भेव वाटते?"

"जंगलाचं नाई..." तो नकाशाकडे बघत बोलला. "पैले सोबत कोनी नोतं, म्हनून निघालो नाई. आता रस्ता पक्का झाला, का तुमचं येनं बंद होईन. म्हनून देव वाढवून राह्यलो मी."

पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पुलगावाहून केळझरला दर रविवारी चहा प्यायला कोणी येतं का, हा साधा प्रश्न भूगोलाच्या बाईंना पडला नव्हता. माझे कान तापले. इतका आनंद झाला की आधी रागच आला. एवढं मनात असून हा माणूस मला अमरावतीला जाऊ द्यायला निघाला होता!

"गाडीवर मांगं जागा आहे न?" मी विचारलं.

"आहे. पन... लोक काय म्हनतीन?"

"ताडोब्याले जाताना लग्न करूनच बसीन. आज घरापर्यंत अशीच बसते. चला."

त्याचा अर्धा चहा राहिला होता. धुरपताबाईंनी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि फार चहा झाला तुमचा, असं सांगितलं.

मी पदर खोचला आणि मागे बसले. गाव केवढंसं, पण त्या दिवशी सगळं अंगणात उतरलं होतं. कोणी तुरीच्या शेंगा सोलत होतं, कोणी कापूस वाळवत होतं, आणि सगळ्यांचे हात आम्हाला पाहून थांबले. मी एकाचीही नजर चुकवली नाही. परत फिरू का, असं ओमप्रकाशने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, सरळ चला.

बाबा दारातच कापसाचं गाठोडं बांधत होते. गाडी थांबली. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या माझ्याकडे.

"का आहे हे, नलू?"

ओमप्रकाश घाईघाईने उतरला, हात जोडले, आणि ते तसेच जोडून उभा राहिला. मी गाडी धरून तशीच बसून राहिले. आपण उतरलो तर हा नमस्कार करून, पाणी पिऊन पुलगावला जाईल आणि आणखी तीन वर्षं रेघा मारत बसेल, हे मला पक्कं कळत होतं.

"सांगा," मी म्हटलं.

"अण्णाजी... मी नलूले मांगाले आलो."

बाबांनी गाठोड्याची गाठ आवळली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आन त्या अमरावतीच्या पाहुन्यांले मी काय सांगू?"

"सांगा, पोरगी वाघ पाहाले गेली."

बाबांनी गाठोडं सोडलं, हाताचा कापूस झटकला आणि ओमप्रकाशला म्हणाले, "मंग आत या. अशी उभ्याउभ्यानं सोयरीक होत नसते."

तेव्हा कुठे मी गाडीवरून उतरले.