गप्प राहण्याचं एक मिनिट

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी तिचा शेवट तरी नीट केला असता.

दिवस शनिवार. वेळ दुपारचे सव्वातीन. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, आणि जुनाट झाड तर त्या रस्त्यावर औषधालाही नाही. सरळसोट डांबरी रस्ता आणि टळटळीत ऊन.

घडलं ते माझ्या मावसभावाच्या हेल्मेटच्या आत.

त्याला घरात सगळे भोंगा म्हणतात. झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारा माणूस, पण मशीन उघडण्याआधी तोंड उघडतो. एका जेवणात मी मोजले होते... बावीस विषय काढले, एकही संपवला नाही.

सुट्टीच्या दिवशी तो मोटरसायकलवर भटकायचा. चालवता चालवता बडबडायचा आणि ते रेकॉर्ड करून व्हिडिओ टाकायचा. अडचण एकच. वारा आणि इंजिन यांच्यापुढे त्याचा भोंगाही चालत नसे. एका प्रेक्षकाने लिहिलं होतं, 'दादा, पिठाची गिरणी छान आहे.'

त्यात एका हेल्मेटच्या दुकानदाराने त्याला हेरलं. दरीवरच्या नव्या पुलाचा व्हिडिओ कर, पण शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे, म्हणाला. जमलं तर कायमचं काम. टोनरच्या काळ्या भुकटीला विटलेल्या भोंग्याला आणखी काय हवं? रविवारी पुलावर जायचं ठरलं. वहिनी मागे बसून कॅमेरा धरणार होती.

वहिनी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. तिथल्या बंद खोलीत हेडफोन लावला की आधी तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज येतो, 'आवाज आला की बटण दाबा.' मुंगी शिंकली तरी हिला कळतं, असं मावशी म्हणते. कौतुकाने नव्हे.

तिनेच माइक तोंडासमोरून हलवला. श्वासाचे फटके बसतात म्हणाली. गालापाशी हेल्मेटला जी गादी असते, तिच्यात खाच करून तो बसवला. वर स्पंज. स्पंजवर जुन्या खेळण्यातल्या अस्वलाची लव. इंजिनाची थरथर कवचातून चढते, म्हणून माइक कवचाला कुठे टेकू दिला नाही. मानेपाशी वारा शिरायचा, तिथे मफलर.

निम्मा आवाज गेला.

उरलेला काढायची सोय कॉम्प्युटरवर होती. बोलायला लागण्याआधी एक मिनिट तोंड मिटून गाडी चालवायची. कॉम्प्युटर ते मिनिट ऐकतो. त्यात जे जे असेल, त्याला कचरा समजतो. आणि पुढच्या रेकॉर्डिंगमधून तेवढंच झाडून काढतो.

तोंड मिटून. भोंग्याने.

"जमेल?" वहिनीने विचारलं.

"झोपेत रोज जमतं."

"झोपेतही जमत नाही. शेजारी मी असते."

शेवटी त्याने दातांत एक लवंग धरली. ती पडू द्यायची नाही, एवढंच पथ्य. सव्वातीनला गाडी सुरू केली आणि गावाबाहेरच्या त्या सपाट रस्त्यावर एक मिनिट, आयुष्यात पहिल्यांदा, हा माणूस गप्प बसला. मग लवंग चावून अर्धा तास मनसोक्त बोलला.

संध्याकाळी दोघं टेबलाशी बसली. भोंग्याने बटण दाबलं.

वारा गेला.

इंजिन गेलं.

आणि... भोंगाही गेला.

अर्ध्या तासाची फाइल, धुतल्यासारखी स्वच्छ. हेल्मेटच्या पट्ट्याची खुटखुट तेवढी ऐकू येत होती. जिथे त्याचं बोलणं हवं, तिथे काहीच नाही.

तो हसला. आपल्यावर अखेर औषध निघालं म्हणाला. वहिनी हसली नाही.

"ते फक्त त्या मिनिटातलंच काढतं," ती म्हणाली. "म्हणजे त्या मिनिटात तू बोललायस."

"अगं, लवंग होती दातांत."

तिने हेडफोनचा एक कान त्याला दिला, एक स्वतःला लावला, आणि ते गप्प राहण्याचं मिनिट लावलं.

वारा. इंजिन. वारा...

आणि त्याच्या खाली, अगदी तळाला... कुणीतरी बोलत होतं.

भोंगाच. तीच घाई, तेच शब्द खाणं. "उजवीकडे टेकडी बघा... आता पूल आला... काय उंची आहे राव..."

त्या रस्त्यावर टेकडी नाही. पुलावर तो तोवर गेलाच नव्हता.

बावन्नाव्या सेकंदाला इंजिन बंद झालं. मंदावलं नाही. बंद.

वारा मात्र चालूच होता. उलट वाढला.

इंजिन नाही, आणि वारा वाढतोय... आठ सेकंद.

अगदी शेवटी, कानाच्या मागून, एका बाईचा आवाज. "ए, थांब."

वहिनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. यंत्रातून आलेला आपला आवाज कसा लागतो, हे ती दिवसातून चाळीस वेळा ऐकते.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "मी दवाखान्यात होते."

रविवारी कुणी कुठे गेलं नाही. दुकानदाराचे तीन फोन आले. पोट बिघडलंय, असं भोंग्याने दोन शब्दांत सांगितलं आणि दोनच शब्द ऐकून दुकानदाराला संशय आला. काम गेलं ते गेलंच. पूल ठणठणीत आहे. रोज शेकडो गाड्या जातात.

भोंग्याने गाडी विकली. हेल्मेट गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. बोलणं निम्म्यावर आलं. मावशी म्हणते, पोरगा सुधारला. लोकांना दुसऱ्याची धास्ती आणि शहाणपण यातला फरक कधी कळत नाही.

ती फाइल मी हट्टाने मागून घेतली. स्वतः मोजल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर मोजलं. बावन्न. बरोबर.

महिन्याभराने पुन्हा ऐकली. चव्वेचाळीस.

चुकलो असेन म्हटलं. तेव्हापासून वहीत लिहून ठेवतो. सदतीस. एकोणतीस. अठरा...

फाइल तीच. तारीख तीच. लांबी एक मिनिटच. इंजिन आखडत चाललंय, वारा लांबतोय. भोंग्याला मी सांगितलं नाही. काय सांगणार? त्याच्याकडे आता गाडीसुद्धा नाही.

वरचं सगळं मी गेल्या आठवड्यात लिहिलं. तेव्हा इंजिन चार सेकंदांवर आलं होतं.

हे पुढचं आजचं.

सकाळी फाइल लावली. इंजिन नाहीच. पहिल्यापासून नुसता वारा...

मी भोंग्याला फोन केला. त्याने लगेच उचलला. आणि बोलायला लागला... पूर्वीसारखा. झेरॉक्सवरून हवेवर, हवेवरून गुडघेदुखीवर. कितीतरी महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं की लक्षात यायला वेळ लागला.

त्याच्या बोलण्यामागे वारा होता.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"घरात. कुठे असणार?"

"मग खिडकी लाव ना."

"लावलेलीच आहे."

आणि पुन्हा बोलू लागला. माझी नजर सवयीने घड्याळाकडे गेली. पन्नास सेकंद झाले होते. पंचावन्न...

मागून वहिनी म्हणाली, "ए, थांब."

फोन बंद झाला.

आता बडबड्या नवऱ्याला बायको असं म्हणतेच. आमची वहिनी तर दिवसातून दहादा म्हणत असेल. आणि फोनमध्ये खरखर कुणाच्या येत नाही?

तेव्हापासून चौदा वेळा लावलाय. रिंग जाते.

पंधराव्यांदा लावतोय.