कानातला की कानावरचा

गोपिका त्या दुकानात शिरली ती टॉर्चचे दोन सेल घ्यायला. सीताबर्डीच्या बोळातलं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिनं याआधी पाहिलंही नव्हतं. काउंटरमागे एक तरुण बसला होता. कानांवर वाटीएवढे काळे हेडफोन, डोळे मिटलेले...

तिनं दोनदा हाक मारली, मग काउंटरवर थाप मारली. तो दचकला.

"माफ करा हं. काय पाहिजे?"

"ते राहू द्या. तुम्ही काय ऐकून राहिले, ते सांगा आधी."

त्यानं हेडफोन काढून तिच्यापुढे धरले. तिनं ते कानांवर चढवले आणि बोळातला सारा गोंगाट पुसला गेला. बासरी होती. बासरीच्या आधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"हे... हे माझ्या बाबांना ऐकू येईल?" तिनं हळूच विचारलं.

तिचे वडील चंद्रभान तीस वर्षं कापड गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. रेडिओ पूर्ण मोठा केला तरच थोडंफार पोचायचं, आणि मग शेजारची प्रयागबाई दारात यायची. "गोपिका, तुह्या बापाचा रेडिओ कामठीपावतर ऐकू जाते वं." शेवटी चंद्रभाननं रेडिओवर फडकं टाकलं. दोन महिने झाले होते.

तरुणाचं नाव गिरिधर. रेडिओला जोडून आवाज वाढवणाऱ्या, त्यानं स्वतः बनवलेल्या दोन पेट्या त्यानं पुढे ठेवल्या. एक साबणाच्या डबीत बसवलेली, दोन बारक्या सेलवर चालणारी. खिशात टाकायची आणि एका कानात इअरफोन घालायचा. दुसरी जेवणाच्या डब्याएवढी, सहा सेलांची. ती या मोठ्या हेडफोनसाठी.

"मोठा हेडफोन लहान पेटीला लावला तर काय होईल?"

"मच्छर गुणगुणल्यावाणी होईल. तिच्यात तेवढा जोर नाही."

"आणि इअरफोन मोठ्या पेटीला?"

"कान फाटेल." तो हसला. "किती विचारता हो तुम्ही. एक नेऊन पाहा, मग दुसरी न्या. कान काकाजींचे, तेच सांगतील."

इअरफोन चंद्रभानच्या कानात टिकेना. "मुंगी शिरल्यावाणी वाटते," ते म्हणाले, आणि तो घरंगळून वरणात पडला. दोन दिवसांनी मोठी पेटी आली. त्या संध्याकाळी ते जेवायलाही उठले नाहीत.

म्हणजे निवड तिथंच झाली होती. तरी दुसऱ्या दिवशी गोपिका पेटी घेऊन दुकानात हजर.

"बाबा म्हणतात, कानांवर जड होते."

गिरिधरनं हेडफोनच्या आतल्या गाद्या बदलल्या. चार दिवसांनी ती म्हणाली, "सेल लवकर संपले." मग, "बटण कडक आहे..."

"काकाजीले तक्रारी लय सुचतात," तो मान खाली घालून तारेला कथलाचा डाग देत म्हणाला.

"वय झालं ना त्यांचं."

"आणि तुम्हाले प्रश्न. आज एकही नाही?"

होता तिच्याजवळ एक... पण तो विचारण्यासारखा नव्हता. पेटी पसंत पडली असं एकदा म्हटलं, की इथं येण्याचं कारणच संपणार होतं. पण पेटी दुकानात राहिली की बाबा संध्याकाळभर मुक्या रेडिओशेजारी नुसते बसून असत. त्या दिवशी घरी गेल्यावर तिला ते बघवेना.

"मोठीच घेते," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आता बदल नको."

गिरिधरनं पेटी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाला, "रविवारी मीच येऊन लावून देतो."

रविवारी तो चंद्रभानच्या समोर चटईवर बसला. हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले, आवाज वाढवला. चंद्रभानची मान डोलू लागली. तार गुंडाळता गुंडाळता, गोपिकाकडे न बघताच गिरिधर हळू आवाजात बोलू लागला.

"एक सांगायचं होतं... ते सेल मीच अर्धे वापरलेले घातले होते. लवकर संपावे म्हणून. तू येत नाही त्या दिवशी मले दुकानात करमत नाही, गोपिका."

गोपिकानं डोळे मोठे केले, मान हलवली, बाबांकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, ती लाजते आहे.

"काकाजीले काय ऐकू येते?" तो म्हणाला.

मागांच्या खात्यात आवाजाचा उपयोग नसतो. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. तीस वर्षं तेच केलेला माणूस गिरिधरच्या तोंडाकडे रोखून बघत होता... आणि त्याची मान डोलायची थांबली होती.

चंद्रभाननं हेडफोन काढले. त्यांचा आवाज गिरणीतलाच राहिला होता. चाळीच्या टोकापर्यंत जाणारा.

"गोपिके, ह्या पोराले तुह्याबिगर करमत नाही म्हणते. तुहं काय म्हननं हाय?"

बाहेर कुणाचा तरी नळ बंद झाला. प्रयागबाई दारात येऊन उभी राहिली. गिरिधरच्या हातातली तार सुटली.

बाप-लेकीचं घरातलं बोलणं नेहमी ओठांवरच चालायचं, बिनआवाजाचं. आताही गोपिकानं नुसते ओठ हलवले असते तरी बाबांना कळलं असतं. प्रयागबाईला काहीच कळलं नसतं.

पण मग गिरिधरला कसं कळलं असतं?

"मलेही करमत नाही," ती मोठ्यानं म्हणाली.