किल्ली पेटीतच राहिली

टिटवी उठलीच नाही.

शाल्मलीनं पुन्हा बटण दाबलं. घरातल्या त्या लाडक्या यंत्रमानवाच्या छातीवर तीच ओळ उमटली: ‘डिस्क दिसते, पण वाचता येत नाही. थांबते आहे.’

“आबा! लवकर या!”

समुद्रावरच्या तरंगत्या वसाहतीत शाल्मली, तिचा दीड वर्षांचा भाऊ निहार आणि संगणकशास्त्रज्ञ आबा, म्हणजे तिचे आजोबा, राहत. आई तीन महिन्यांसाठी समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत गेली होती. तिथून बोलता येत नसे. जाताना तिनं नव्वद गोष्टी स्वतःच्या आवाजात टिटवीत ठेवल्या होत्या. दुपारी एक ऐकली की निहार झोपायचा. आत्ता तो टिटवीच्या गुडघ्यावर थापट्या मारत होता. “आई? आई?”

आबांनी ओळ वाचली. हातातला सरबताचा पेला तसाच राहिला.

“काल आपण डिस्क ‘वारूळ’वर नेली. गोष्टींची नक्कल कुठाय गो?”

वारूळ ही आबांची प्रायोगिक फाइलसिस्टिम (डिस्कवर काय कुठे ठेवायचं आणि कसं शोधायचं याची रीत).

“तुम्ही केलीत ना?”

“मला वाटलं, तू केलीस.”

‘नक्कल नाही तर प्रयोग नाही’ ही पाटी आबांनीच भिंतीवर ठोकली होती.

शाल्मलीनं टिटवीकडे पाहिलं. “गेल्या गोष्टी?”

“थांब. कर्नल तू बांधलास (यंत्रात सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा प्रोग्रॅम). पर्याय कुठले निवडलेस?”

“वारूळ यादीत दिसतच नव्हतं. ‘प्रायोगिक गोष्टी दाखवा’ला हो म्हटलं, मग दिसलं. तिथे मॉड्यूल निवडलं (डिस्कवर वेगळा ठेवून लागेल तेव्हाच आत घ्यायचा तुकडा). कर्नल हलका राहावा म्हणून! तुम्हीच म्हणता, उगाच ओझं नको.”

“तो तुकडा आहे कुठे?”

“डिस्कवर.”

“आणि डिस्क?”

“वारूळच्या रीतीनं लाव...” ती थबकली. “अगं बाई! म्हणजे वारूळ वाचायचं कसं, हे वारुळातच लिहिलंय?”

“आत्यानं गणपतीत समयांच्या ट्रंकेची किल्ली आत ठेवून कुलूप दाबलं, तसं.”

“तेव्हा तुम्ही केवढे हसलात!”

“आता नाही हसवत गो,” आबा पुटपुटले. “पण समया आत सुखरूप होत्या ना?”

कर्नल एका वेगळ्या, साध्या रीतीच्या चिपवर होता. ती काढून त्यांनी आबांच्या संगणकाला लावली. शाल्मलीनं वारूळपुढे ‘मॉड्यूल’ खोडून ‘कर्नलमध्येच’ निवडलं. नवा कर्नल बांधून होईस्तोवर निहार रडून रडून लाल झाला. त्याला खांद्यावर घेऊन आबा येरझाऱ्या घालत होते.

चिप परत बसली. बटण.

टिटवीचे डोळे उघडले. “नव्वद गोष्टी तयार आहेत. आज कुठली?”

निहारनं हात पसरले.

“थांब रे राजा, आधी नक्कल,” शाल्मली म्हणाली आणि एक नाही, दोन केल्या. मग गोष्टीच्या सुरुवातीचा आईचा आवाज आला: “शमू, निहारला मांडीवर घेतलंस का?”

“घेतलंय,” शाल्मली हळूच म्हणाली. तिला नाक ओढावं लागलं.

निहार झोपल्यावर ती आबांच्या संगणकाशी बसली. कर्नलच्या यादीत प्रत्येक पर्यायाखाली मदतीच्या दोन ओळी असतात. वारूळखालची जागा आबांनी रिकामीच सोडली होती. पुढे आईच्या प्रयोगशाळेतली यंत्रंही वारूळवर जाणार होती. तिनं लिहिलं: ‘मुख्य डिस्क वारूळवर असेल, तर हे कर्नलमध्येच ठेवा. आणि नक्कल कोण करणार, ते आधी मोठ्यानं विचारा.’