वाळूतलं माप

शेकडो वर्षांपूर्वी डच चित्रकार खिशात मावेल एवढी वही घेऊन बाहेर पडायचे, कालव्याकाठी बसून समोर दिसेल ते टिपायचे आणि घरी येऊन त्याचं चित्र करायचे. हे वाचल्यापासून यामिनीच्या डोक्यात वेडच शिरलं. आदिलाबादच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. दर रविवारी तिचा नवरा आलोक तिला स्कूटरवरून जैनथ गावाच्या पुढे पैनगंगेवर घेऊन जायचा. बँकेतल्या माणसाला रविवारची झोप किती प्यारी असते! पण बायकोपुढे कोणाचं चाललंय?

त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. नदी आटली होती. चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून तिने आलोकला दूर वाळूत उभं केलं. मग हात लांब करून, डावा डोळा मिटून, ती पेन्सिलीवर त्याचं माप घेऊ लागली.

वाळूत दोघं होते.

तिने दोन्ही डोळे उघडले. एकटा आलोक. ऊन लागलं असेल म्हणून ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा डोळा मिटला. दुसरा आलोकच्या अगदी पाठीशी उभा होता. तेवढाच उंच, तोच निळा शर्ट.

"अहो... इकडं या. लवकर."

"काऊन वं? झालं का चित्र?"

"या म्हणते ना... मागं नका पाहू."

असं म्हटल्यावर कोण पाहणार नाही? आलोकने मागं पाहिलं, क्षणभर तसाच थांबला. मग सावकाश चालत येऊन तिच्या शेजारच्या दगडावर बसला.

"कोणीच नाही तिकडं. तू उगीच भिऊन राह्यली."

तिला हायसं वाटलं. तरी खात्री करावी म्हणून तिने डोळा मिटला. वाळूत निळ्या शर्टातला आलोक दोन्ही हात हलवत तिला हाका मारत होता. आवाज येत नव्हता. डोळा मिटलेलाच ठेवून तिने मान वळवली. शेजारचा दगड रिकामा होता.

मग आपल्या हाकेला आलं कोण? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही घरची शिस्त. तिने नुसतं 'अहो' म्हटलं होतं, आणि 'अहो'ला कोणीही ओ देईल. ती रडायलाच लागली. डोळा घट्ट मिटून तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

"आलोक!"

वाळूतला माणूस तिच्याकडे धावत सुटला.

"ओ," रिकाम्या दगडावरून मायेचा आवाज आला. "इथंच तर आहो मी... उघड तो डोळा."