आठ नंबरची जागा

साकीनाक्याच्या सोसायटीत ट्रान्सफॉर्मर उडाला होता. गच्चीवर सतरंजी टाकून बाळकाका बसले होते आणि त्यांच्यासमोर त्यांची पुतणी सई आणि पुतण्या कृणाल. काकांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झाले तरी अंधेरीच्या एका सर्व्हे कंपनीत आठवड्यातून तीन दिवस ते अजून जात.

"यज्ञेशची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "आमच्याच ऑफिसातला मुलगा. मधे हसायचं नाही. आणि असं कसं, ते मला विचारायचं नाही."

चोवीस जुलै दोन हजार पंचवीस, गुरुवार. दीप अमावस्या होती.

उपनगराचा नवा आराखडा करायचा तर आज कुठल्या जागेवर काय आहे, ते आधी बघावं लागतं. यज्ञेशचं काम तेच. गल्ल्या पालथ्या घालायच्या आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्यापुढे टॅबमध्ये आकडा टाकायचा. घर असेल तर एक, दुकान दोन, कारखाना तीन. रिकामी जागा आठ. चार महिन्यांत त्याने नऊ हजार तुकडे भरले होते. सुरुवातीला त्याला माणसं दिसायची. मग नुसत्या इमारती दिसायला लागल्या, आणि शेवटी फक्त आकडे. एकदा त्याच्या बायकोने, नमिताने, फोनवर विचारलं, "जेवलास का रे?" तर हा म्हणाला, "हो, दोन नंबरमध्ये." तिला हसू आलं. त्याला नाही आलं.

त्या दिवशी गटारी म्हणून बाकीचं ऑफिस लवकर सुटलं. यज्ञेश राहिलेलं काम उरकून रात्री साडेनऊला बॅग उचलत होता, तेवढ्यात रुचिरा मॅडमनी हाक मारली. त्या त्याच्या वरिष्ठ.

"खाडीजवळच्या कोळीवाड्यातला एक तुकडा राहिलाय रे. बारा वाजता यादी बंद होणार. जागेवर जा, फोटो काढ, आकडा टाक आणि तसाच घरी जा."

"अंधारात फोटो काय येणार, मॅडम?"

"काळा येऊ दे. मशीनला तू तिथे हवायस, उजेड नको."

"काका, गटारी म्हणजे त्याने आधी थोडी..." कृणालने अंगठा तोंडाकडे नेला.

"चहासुद्धा घेतला नव्हता, गाढवा. ऐक."

यज्ञेश कोळीवाड्यात पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते. पाऊस दुपारीच थांबला होता. गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी विझलेल्या समया पुसत होती. पार्वती तिचं नाव. पलीकडे मैदान. मैदानाच्या त्या अंगाला सार्वजनिक नळापाशी एक दिवा.

"कोन रं तू? काय लिवतंस?"

"सर्व्हे आहे, मावशी. या मैदानावर काय असतं?"

"मासली सुकवतो आमी. बांबूच्या वलांडी बांधायच्या, त्यावर बोंबील टांगायचे. आता पावसाल्याची मासेमारी बंदी हाय, होड्या वर काढल्यात. बांबू पन काढून ठेवलेत. दिवाळीला ये, मान वाकवल्याबिगर जाता नाय येनार तुला."

"आज जे आहे तेच लिहायचं असतं. आज तर काहीच नाही."

पार्वतीने हातातली समई खाली ठेवली. "पल्याडच्या वाडीत असाच एक आला, पावसाल्यात. रिकामी लिवून गेला. आता तिथं गाड्या उभ्या रातात. आमची शंभर घरं जेवतात या मैदानावर, बाला."

त्याने मान हलवली. वाईट नाही वाटलं त्याला. काहीच नाही वाटलं. त्याने आठ टाकला. आता फोटो काढायचा, पलीकडच्या दिव्यापर्यंत जायचं आणि तिकडूनच रिक्षा पकडायची. दोन मिनिटांची वाट.

तो मैदानात शिरला. अकरा वाजून आठ मिनिटं.

फोटो काढला. काळा आला.

दहा पावलं गेला. कपाळाला काहीतरी लागलं. टणक. गोल.

त्याने हात वर केला. हाताला काही लागलं नाही.

पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा लागलं... तिथेच.

तो डावीकडे सरकला. गालाला ओलं, गार काहीतरी घासून गेलं. मऊ. मानेवर थेंब पडला. खारट वास आला. ताज्या मासळीचा. बंदीच्या दिवसांत.

टॉर्च लावला. मैदान मोकळं होतं. चिखल, गवत, बाकी काही नाही.

आणि त्याला सरळ जाता येत नव्हतं.

"वाक."

बाईचा आवाज. म्हातारा. पुढून आला.

"...कोण आहे?"

कोणी नव्हतं.

"वाक, पोरा."

तो वाकला. वाकूनच चालत राहिला. टोक आलं की वळायचं. परत यायचं. पुन्हा वळायचं. नळाचा दिवा तेवढाच लांब. पाठीवर थेंब. टप्... टप्...

"मग?" सईने विचारलं.



"मग काय. चालला."

तो बाहेर पडला तो दिव्याकडे नाही. पार्वतीच्याच पायरीपाशी. अकरा चोपन्न झाले होते. ती अजून तिथेच होती.

"झालं?"

तो पायरीवर बसला. आठ पुसला. मासळी सुकवायच्या जागेला यादीत आकडाच नव्हता, म्हणून नऊ टाकला, नऊ म्हणजे इतर. पुढे लिहिलं, वापरात. अकरा सत्तावन्नला पाठवलं.

सकाळी रुचिरा मॅडमनी त्याला बोलावलं. काका शेजारच्याच टेबलावर होते.

"फोटो काळा. बांबू नाहीत, मासळी नाही. वापरात कशावरून लिहिलंस? काहीतरी पुरावा दे, नाहीतर मी आठ करते."

यज्ञेश स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मी... चाललो ना तिथून," एवढंच म्हणाला.

"अरे, चाललो म्हणजे काय? यादी वर जायचीय आज."

काकांनी टॅब ओढून घेतला. जिथे जिथे पाऊल पडतं, तिथली रेघ ते यंत्र आपोआप नोंदवत असतं. वीतभरसुद्धा चुकत नाही. दोन मिनिटांच्या मैदानात सेहेचाळीस मिनिटांची रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. अशी सतरा वेळा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विमानातून घेतलेले जानेवारीतले फोटो होते. त्यात हेच मैदान होतं, मासळीने गच्च भरलेलं, बांबूंच्या रांगाच रांगा. काकांनी ती रेघ त्या फोटोवर ठेवली.

मॅडमनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग नऊ तसाच राहू दिला.

रेघ दर दोन रांगांच्या बरोबर मधून गेली होती. एकही बांबू कापला नव्हता.